उदगीरच्या पाण्याची पारख

सांगतो, पण एका अटीवर. मध्येच हसायचं नाही. अब्रू गेलीच आहे माझी, निदान सांगताना तरी तिला सावकाश जाऊ द्या.

मी वाइनवाला. नाशिककडच्या एका वाइनरीत मला चव घेण्याचा पगार मिळतो. आता अशा माणसाला मतं असणारच की हो! आपल्या लातूरच्या धाब्यावरची झणझणीत शेवभाजी घ्या, शेजारी थंडगार, जराशी गोडसर पांढरी वाइन ठेवा, मग बघा काय सुख लागतं. अन् ती मंद दिव्यांची महागडी हॉटेलं? तिथं मेनूकार्डावरच सगळी चव संपलेली असते. ही मतं मी कुणी न विचारता देतो, तो स्वभावच आहे माझा.

आमचं घर लिंगायताचं. दारू शब्द कानावर पडला तरी आई आधी देवापुढं उदबत्ती लावते, मग मला बोलते. त्यामुळं उदगीरचं स्थळ आलं तेव्हा तिनं कळवून टाकलं, मुलगा द्राक्षांच्या कंपनीत आहे. खोटं नव्हतं म्हणा. तुम्हीच सांगा, वाइन काय कापसाची करतात?

मुलीचं नाव शिवलीला. जळकोटच्या शाळेत विज्ञान शिकवायची. फोटो बघितला अन् मी त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला. याआधी तीन स्थळं हातची गेली होती, तीही माझ्याच तोंडामुळं. हे चौथं जाऊ द्यायचं नाही, असं मी मनाशी पक्कं ठरवलं होतं. आईनं गाडीत तीनदा बजावलं, तिथं मतं द्यायची न्हाईत.

वर्ष कोणतं? लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते. उदगीरलाही तीच गत होती, नळाला दोन-दोन आठवडे पाणी नाही. शिवलीलाचे वडील, अप्पा, डाळीचे व्यापारी. चुरमुऱ्यांची सुशीला समोर आली ती द्रोणातून, का तर ताटं धुवायला नकोत. उदगीर जिल्हा झाला की घरोघरी नळ कसा धो-धो वाहणार हे अप्पा रंगवून सांगत होते. मी हाव हाव करत मान डोलवत होतो. सगळं कसं छान चाललं होतं.

मग पाणी आलं. अर्धा पेला.

आता काय सांगू, दहा वर्षांची सवय हो! हाताला कुठं कळतंय की आपण बघण्याच्या कार्यक्रमाला आलोय? पेला तिरपा धरला, गोल फिरवला, नाक आत घातलं, घोट घेतला, गालात खळबळवला अन् थुंकायला भांडं शोधू लागलो. तेवढ्यात आईचा डोळा दिसला आणि गिळून टाकलं.

"काय हुडकायलालाव, पाव्हणं?" अप्पा घाबरून म्हणाले. "वास येतोय का पाण्याला?"

काही नाही, असं म्हणायला काय झालं होतं? पण माझ्या तोंडून निघालं, "जरासा लोखंडाचा. मागून खारट."

अप्पांनी मांडीवर थापच मारली. त्यांचा टँकरवाला बाबुराव, तो गोड्या विहिरीचं पाणी सांगून बोअरचं खारं पाणी आणतो, हा त्यांचा महिनाभराचा संशय. घरात कुणी ऐकत नव्हतं. आता परमेश्वरानं पारखी धाडला! त्यांनी आत हाक मारली, लीले, नळाचं, टँकरचं अन् जारचं, तिन्ही पाणी वेगवेगळ्या पेल्यात आण, कोणतं कुठलं ते सांगू नको. आई माझ्या पायावर पाय देत होती, पण मला आता कोण आवरणार?

शिवलीला तीन पेले घेऊन आली. ती काहीतरी बोलणार होती, पण अप्पांनी तिला बोलूच दिलं नाही.

पहिला पेला चाखला. म्हटलं, हे धरणाचं, वळणदार, पण शेवटी जरा थकलेलं. तिसरा चाखला. हे गाळलेलं, स्वच्छ, पण जीव नाही. अन् मधला चाखून मी डोळेच मिटले. म्हटलं, अप्पा, हे बोअरचं, खारं, टाकी गंजलेली, जनावरालाही पाजू नका.

"लीले, मधलं कोणतं?"

"टँकरचं," ती हळूच म्हणाली.

अप्पांनी तिथल्या तिथं बाबुरावला फोन लावला. लबाडा, तुझं पाणी खारं निघालं, मोठ्या पारख्यानं सांगितलं, उद्यापासून दारात टँकर आणू नको. बाबुराव शांतपणे बरं म्हणाला आणि फोन ठेवला. तेव्हा कुठं घरात सगळ्यांना उमगलं की ऐन दुष्काळात आपण टँकर बंद केला. शिवलीलाच्या आईनं डोक्याला हात लावला.

मग शिवलीला पुढं आली.

"अप्पा, तिन्ही पेले हौदातलेच हायत. नळाच्या पाण्याचा रांजण कालच रिकामा झाला. जारवाला चार दिवस झाले आला न्हाई. पाव्हण्यांपुढं कसं सांगू, म्हणून भरून आणले. सगळं टँकरचंच हाय."

 मी छताकडं बघत बसलो. तेवढ्यात माझ्या आईचा धीर सुटला. "अप्पा, ह्याच्या जिभेवर जाऊ नका. नाशकाला वाइन चाखायचा पगार घेतोय हा, त्येच खूळ हाय." एवढं बोलून तिनंच तोंडावर पदर घेतला.

संपलं. चौथं स्थळ गेलं. खरं सांगतो, तीन स्थळांचं काही वाटलं नव्हतं, पण हे जाताना फार वाटलं मला. निघायच्या आधी निदान यांचं पाणी तरी चालू करावं म्हणून मी अप्पांच्याच फोनवरून बाबुरावला फोन लावला. माफी मागितली. तो सोडतोय होय? पाणी कसं हाय ते आधी सांगा, म्हणाला. मी सगळ्यांदेखत म्हणालो, गोड आहे. तो म्हणाला, जोरात सांगा. मग जोरात सांगितलं. टँकर चालू झाला.

अप्पा मुलीकडं वळले. "बाई, आता तूच सांग. दारूच्या कंपनीतला हाय, अन् वरून असला पारखी."

शिवलीलानं तिन्ही पेल्यांतलं उरलेलं पाणी एका पेल्यात ओतलं, थेंबही सांडू न देता.

"चालतंय मला," ती म्हणाली. "मला वरणाशिवाय काही येत न्हाई. ज्याला एका हौदाच्या पाण्यात तीन चवी लागतेत, त्याला माझं वरण जन्मभर पुरंल."

आता आठ वर्षं झाली लग्नाला. रोज वरण असतं, आणि मी मत देत नाही.