अमेरिकेची शीग

आमची आई हट्टाला पेटली की देवालासुद्धा ऐकायची नाही.

स्वातंत्र्य नवंनवं होतं. एका साली आमच्या मार्गासनीकडं भात पार करपून गेलं आणि रेशनवर लाल गहू आला. नसरापूरचा दुकानदार गमतीनं म्हणाला, "खावा बायांनो, सरकारनं अमेरिकेकडनं उसना आणलाय." झालं! आईनं ते बोलणं पदरात बांधूनच घरी आणलं.

आमच्याकडं उसन्याची एकच रीत. पायली सपाट भरून आणायची आणि परत देताना वर शीग लावून, दाणे घरंगळतील एवढी भरून द्यायची. शीग चुकली की पुन्हा त्या दारात मागायला उभं राहायची सोय नाही. आईला त्याचीच धास्ती.

पुढच्या साली भात पिकलं तशी तिनं आंबेमोहोराची पायली बाजूला काढली. वडिलांनी कपाळाला हात लावला. "अगं, पैसे मोजलेत की आपण!"

"ते दुकानदाराला. ज्यांनी गहू दिला त्यांच्या घरी काय पोचलं?"

गाठोडं डोक्यावर घेऊन ही बाई चालत नसरापूरला निघाली, मागं मी. दुकानदार पोट धरून हसला. मग तिचं तोंड बघून वरमला. "आक्का, ते लोक काय तांदूळ घ्यायचे न्हाईत. सरकार बघंल त्यांचं. तुमाला माफ."

येताना आई रडली, भर रस्त्यात. "माफ करा म्हनून म्या कवा म्हनलं गं? आता पुन्यांदा कुठल्या तोंडानं मागायचं?" मला त्या मेल्या दुकानदाराचा असा राग आला! आणि खरं सांगते, आईचं हसूही येत होतं.

पावसाळ्यात वरच्या वाडीची धनगरीण उसनं मागायला आली. आईनं तेच तांदूळ तिच्या फडक्यात ओतले. दिवाळीनंतर ती तिच्या रानातली नाचणी घेऊन फेडायला आली. आमच्याच पायलीत भरून तिनं झकास शीग लावली. आईनं वरून तळवा फिरवला आणि शीग तिच्याच फडक्यात लोटली.

"अवं वैनी, शीग घ्या की! पुढल्या साली कुठल्या तोंडानं येऊ?"

"ह्याच तोंडानं ये. माझी अमेरिकेनं न्हाई घेतली, मी तुझी कशी घेऊ?"

धनगरणीला वाटलं, ही अमेरिका आईची कुणी नात्यातली असेल. "लई चांगली बाई दिसती. कुठं असती?"

"लई लांब," आई म्हणाली. "न्हाईतर घरी नेऊन दिली नसती व्हय?"