मामा आणि त्यांचे तांबडे जंतू

माझ्या बायकोच्या मामांइतका पाण्याच्या ग्लासाला घाबरणारा माणूस हुगळीच्या दोन्ही काठांवर आजवर झाला नाही आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. नक्षलवाद्यांच्या त्या दिवसांत कलकत्त्यात संध्याकाळी गल्लीत बॉम्ब फुटत. मामा उठून खिडकी लावून घेत आणि वाचत असलेलं पान तिथूनच पुढे वाचत. पण कुणी नुसतं "थोडं सरबत घ्या" म्हणालं, की त्यांचा चेहरा फाशीची तारीख कळल्यासारखा होई. एकदा एस्प्लनेडच्या चौकात एका गाडीवर मी बर्फ घातलेलं सरबत तोंडाला लावणार, तोच त्यांनी ग्लास काढून घेतला आणि उन्हाकडे धरून म्हणाले, "जावईबापू, यात निदान तीन पिढ्या नांदताहेत. आजोबा, मुलगा, नातू. तुम्ही यांना पोटात घर देणार?" एवढ्यावर थांबते तर ते मामा कसले! हेच वाक्य त्यांनी खणखणीत बंगालीत पुन्हा म्हटलं. दहापैकी आठ गिऱ्हाइकं ग्लास ठेवून निघून गेली, आणि उरलेल्या दोघांनी आपापला ग्लास आधी उन्हाकडे धरून बघितला.

मामा एका मोठ्या इस्पितळात जंतू तपासण्याच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. विशीत कलकत्त्याला आले ते तिथलेच झाले. मराठी मात्र कालच पुण्याच्या गाडीतून उतरल्यासारखं. आल्यागेल्याला ते "काय, कसं काय?" असं विचारत नसत. "शौचाला कशी होते?" असं विचारत, आणि उत्तर मनापासून ऐकत. जगातल्या यच्चयावत जंतूंच्या त्यांच्या लेखी दोनच जाती. काचेवर नमुना पसरायचा, त्यावर जांभळा रंग, मग आयोडीन, मग स्पिरिटची धार. जो जंतू जांभळा रंग धरून ठेवतो तो पॉझिटिव्ह. जो स्पिरिट लागताच रंग सोडतो आणि मग शेवटी घातलेला तांबडा रंग अंगाला लावून घेतो, तो निगेटिव्ह. "जांभळा म्हणजे सरळ गुंड हो," मामा सांगत. "समोरून येतो, पेनिसिलिनचा रट्टा दिला की आडवा होतो. तांबड्याला भिंतीबाहेर आणखी एक भिंत. औषध दारात उभं राहतं, आत कुणी घेतच नाही. टायफॉइड तांबडा, हगवण तांबडी, कॉलरा तांबडा. यमाने हाताखाली माणसं ठेवली ती बघून ठेवली आहेत!" हीच परीक्षा ते नातेवाइकांनाही लावत. माझे थोरले साडू जांभळे ठरले. मी तांबडा. "तुम्हाला काही सांगितलं तरी आत जात नाही, जावईबापू."

बांगलादेशच्या लढाईच्या वर्षी कलकत्त्याच्या कडेला सॉल्ट लेकच्या रेतीत निर्वासितांच्या छावण्या पडल्या आणि कॉलरा सुरू झाला, तेव्हा मामा प्रयोगशाळेतच खाट टाकून राहिले. महिन्याभराने घरी आले ते निम्मे होऊन आले. मी म्हटलं, "मामा, काय दशा ही!" तर म्हणाले, "हा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली स्वल्पविरामासारखा दिसतो. पण लागला की वाक्यच संपतं." आणि हसले नाहीत. रोज माणसं मरत होती. सलाइन पुरेना, लोशन पुरेना, काचेच्या बाटल्याही पुरेनात. तेव्हा मामांनी वॉर्डांत सही करून एक हुकूम लावला: जखमा पुसायच्या जंतुनाशक लोशनच्या बाटल्या रिकाम्या करून उकळत बसू नका, असेल त्यात वरून भर घाला. तो हुकूम त्या वेळी योग्यच होता. लढाई संपली, छावण्या उठल्या. हुकूम उठवायचं मात्र कुणालाच सुचलं नाही; मामांनाही नाही.

मामी या सगळ्या भीतीवरचा उतारा होत्या. मामा उकळून आणलेलं पाणी बाटलीत घेऊन लग्नाला जात, आणि मामी त्यांच्याच शेजारी बसून मठ्ठ्याचे तीन पेले रिचवत. लढाईनंतर तीन वर्षांनी मामींच्या पित्ताशयात खडे निघाले. ऑपरेशन मामांच्याच इस्पितळात ठरलं, कारण इतर इस्पितळांतल्या हातांवर मामांचा भरवसा नव्हता. जाताना मामी म्हणाल्या, "अहो, तुमच्या जंतूंना सांगून ठेवा हं, मी तुमची बायको आहे म्हणून."

तिसऱ्या दिवशी त्यांना हुडहुडी भरली. पट्टी सोडली तर कापसाला हिरवटनिळी झाक, आणि गोडसर, नासक्या द्राक्षांसारखा वास. मामांनी काच स्वतः रंगवली. मी मागे उभा होतो. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, काढला, परत लावला. "तांबडे," ते म्हणाले. पेनिसिलिन चालू होतं. ते नळाचं पाणी टोचल्यासारखं वाया जात होतं. नवं एक इंजेक्शन मुंबईहून विमानाने मागवलं. डमडमच्या विमानतळावर ते खोकं मी नवजात मूल घ्यावं तसं घेतलं. त्याच वॉर्डात आणखी दोघींना तसाच ताप आला. तेव्हा मामांनी मूळ शोधायचा ध्यास घेतला. नळ तपासले, सिस्टरांची नखं तपासली, सर्जनसाहेबांना तर त्यांनी चारचौघांत हात पुढे करायला लावले. काही सापडेना.

आंघोळीपुरते घरी आले तेव्हा माझी बायको त्यांच्या स्वयंपाकघरात दूध विरजत होती. मामींचं विरजण माहेराहून आलेलं, वर्षानुवर्षं न मोडलेलं. ते मोडू नये म्हणून ती रोज येई. चिनीमातीच्या सटात तळाशी चमचाभर जुनं दही, वर कोमट दूध. मामा ओल्या पंच्यानिशी दारात थबकले. "काय केलंस गं?"

"विरजण लावलं. का हो मामा?"

"तळाशी ठेवलंस. वरून ओतलंस." एवढंच बोलले, आणि सदऱ्याची बटणं लावत अनवाणी जिना उतरले. मी चपला घेऊन मागे धावलो. वॉर्डात लोशनची बाटली होती, बुचाची. मामांनी बुचासकट उचलली. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या जंतू वाढवायच्या बशीवर तीच हिरवटनिळी वाढ. जंतू मारायच्या औषधात तळाला जंतू होते, आणि तीन वर्षं त्यांना रोज ताजी भर मिळत होती. अख्ख्या कलकत्त्याच्या पाण्यावर संशय घेणाऱ्या माणसाने ही एक बाटली तेवढी निर्धोक मानली होती.

त्या संध्याकाळी मामींना शुद्ध होती. "सापडला का हो चोर?"

"सापडला."

"कोण?"

"मी," मामा म्हणाले, आणि त्यांनी हुकमाचं सगळं सांगितलं.

 मामी म्हणाल्या, "मग इथे बसलात काय? जा, त्या सगळ्या बाटल्या ओता आधी. अजून दोघी आहेत ना पलीकडच्या खाटांवर."

मामा उठून गेले.

नव्या इंजेक्शनने काम केलं. ते सुरू केल्याच्या चौथ्या दिवशी मामींच्या रक्तात एकही जंतू उरला नाही; 'वाढ नाही' या अहवालाखाली मामांचीच सही आहे. पण तांबड्यांचं विष त्यांच्या भिंतीतच असतं. ते मरतात, भिंत ढासळते, आणि विष रक्तात मोकळं होतं. मामींचा रक्तदाब उतरत गेला तो वर आलाच नाही. त्याच दुपारी त्या गेल्या. दुसऱ्या दोघी वाचल्या.

इस्पितळाचे अधीक्षक भले गृहस्थ होते. "डाक्टरबाबू, शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत एवढंच लिहू. कशाला जिवाला लावून घेता?" मामांनी लिहिलं ते पूर्ण पान होतं, त्यात हुकूम कुणाचा हे पहिल्याच ओळीत होतं. बडतर्फ व्हायची त्यांची तयारी होती, पण त्यांना कुणी काढलं नाही. मला वाटतं, काढलं असतं तर त्यांना बरं वाटलं असतं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत रोज सकाळी ते वॉर्डावॉर्डात जाऊन प्रत्येक बाटली स्वतःच्या हाताने ओतत. दुर्गापूजेच्या सुट्टीतही, शहरात बंद पुकारला असेल तेव्हाही. ट्राम नसली की पायी. पुढे ते पुतण्याकडे पुण्याला गेले आणि दोनच वर्षांत तिथे वारले.

नंतर एकदा ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या आजारी बायकोला चहा द्यायला मी सकाळी मामींच्याच त्या वॉर्डात गेलो होतो. एक कोवळी सिस्टर बेसिनपाशी उभी राहून पाऊण भरलेली बाटली ओतत होती. मी विचारलं, "चांगलं आहे की लोशन. का ओतता?"

"ठाऊक नाही," ती बंगालीत म्हणाली. "इथे असंच करतात."

 बाटली पुरती रिकामी होईपर्यंत मी तिच्या शेजारी उभा राहिलो.