पुढे लहान, मागे मोठं

चाक गोल असलं की झालं, असं माझं मत होतं. हे मत मी मागच्या मंडईपर्यंत नीट सांभाळलं.

आमच्या लाखांदूरच्या घरी पडवीत एक सायकल टांगलेली असे. ह्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, कॉलेजातली. खाली वळलेलं हँडल, बारीक चाकं, मागे भक्कम कॅरिअर. तिच्यावर सामान बांधून हे मित्रांबरोबर लांब लांब फिरून आलेले. (किती लांब, ते दरवर्षी वाढतं.) मागच्या दिवाळीत ह्यांनी जाहीर केलं की या वेळी दिघोरीच्या मंडईला, सासुरवाडीत, ते ह्याच सायकलने जाणार. जाहीर केलं ते माझ्या भावाला, सुरेशला, फोनवर. त्याने स्पीकर लावला होता. म्हणजे गावभर.

मंडई ही आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. त्या दिवशी माहेरी न आलेली लेक म्हणजे भांडलेली लेक, असा सरळ हिशेब. आणि मला तर जाणं भागच होतं. आदल्या मंडईला मी भावजयीच्या मटणाला ‘मीठ जास्त झालं’ म्हटलं होतं. खरंच झालं होतं. पण तेव्हापासून लता माझा फोन उचलायची आणि न बोलता सुरेशच्या हातात द्यायची. या वेळी तिच्या दारात उभं राहून, तिच्या हातचं पाणी पायावर घेऊन हे मिटवायचं, असं मी ठरवलं होतं.

अडचण एवढीच की सायकलची चाकं गंजून गेली होती आणि त्या मापाची चाकं आता मिळत नव्हती. लाखांदुरात नाही, भंडाऱ्यात नाही. हे मोबाइलवर शोधत बसले.

“माप जुळलं पाहिजे,” एवढंच म्हणायचे.

मी एका भगोन्यावर दुसऱ्याचं झाकण ठेवून संसार केलेली बाई. मंडई तोंडावर आली तेव्हा मीच पाना हातात घेतला. सासऱ्यांच्या काळ्या सायकलचं मागचं चाक काढलं. ते मोठं. मुलीच्या शाळेच्या सायकलचं पुढचं काढलं. ते लहान. दोन्ही बसली. (पाना जोरात फिरवला की सगळं बसतं.) सायकल तेवढी वाकून नमस्कार केल्यासारखी दिसू लागली.

“हे तं सदा उतारावरच हाय,” हे म्हणाले.

“बरंच हाय ना. पायडल कमी मारा लागंल.”

खरा घोळ ब्रेकचा. मूळचे ब्रेक रिमला दोन्ही बाजूंनी चिमटा घेणारे. पुढे चाक लहान, त्यामुळे ब्रेकचे रबर रिमपर्यंत पोचेचनात. नुसते टायरला गुदगुल्या करत. मागे काळ्या सायकलची रिम कडेला गोल, ती चिमट्यातून साबणासारखी निसटे. मी पुढे पत्र्याची पट्टी जोडून ब्रेक खाली आणला. मागे जुन्या चपलेचा तळ कापून तारेने आवळला. अंगणात ढकलून पाहिली. थांबली! आमचं अंगण एवढंसं आहे, ती भिंतीमुळे थांबली असेल, हे तेव्हा सुचलं नाही.

निघताना हे म्हणाले, तू एसटीने ये. पण स्वतः बसवलेल्या चाकावर स्वतःच बसले नाही, तर लोक काय म्हणतील? अनारशांचा डबा मांडीवर घेऊन मी कॅरिअरवर बसले. मागचं चाक मोठं, त्यामुळे दर खड्ड्याला मी घसरून ह्यांच्या पाठीला चिकटत होते. धान कापणाऱ्या बाया कंबर सरळ करून बघत होत्या. लग्न झालं त्या वर्षीही आम्ही इतके जवळ बसून कुठे गेलो नव्हतो.

दिघोरीत शिरताना रस्ता तलावाच्या पाळीवर चढतो आणि उतरतो तो थेट माझ्या माहेरच्या दारासमोर. पाळीवरून घर दिसलं. दारात रांगोळी, पाण्याचा लोटा घेऊन लता, हात जोडून सुरेश, मागे सगळा गोतावळा.

“आता ब्रेक दाबा,” मी म्हटलं.

“मघापासून दाबूनच राहिलो.”

पुढची पट्टी टणकन उडाली. मागून जळक्या रबराचा वास आला. मी पायातल्या चपला एकेक करून टायरवर दाबून धरल्या, त्याही गेल्या. सायकलने आता नमस्कार सोडून धावणंच मनावर घेतलं होतं. दार आलं. लताने लोटा पुढे केला. आणि आम्ही त्या सगळ्यांच्या समोरून गेलो. सरळ. मी हात हलवला. (दुसरं काय करणार?)

गल्ली जिथे संपते तिथे सुरेशचं खळं आहे. मळणीनंतरच्या तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात आम्ही डब्यासकट शिरलो आणि थांबलो.

बाहेर डोकं काढलं तर सुरेश धापा टाकत उभा. त्याने आधी माझे अनवाणी पाय पाहिले.

“बाई, दारावरून निघून गेली तू? एका मिठासाठी?”

मागून लता पोचली. निम्मा लोटा सांडलेला, डोळे भरलेले. “बाई, या वर्षी मी मीठ टाकलंच नाही. तुमीच टाका तुमच्या हातानं.”

मी सांगू लागले की मी रुसलेली नाही, ब्रेकच लागले नाहीत. सुरेश ह्यांच्याकडे वळला. “भाऊजी, ब्रेक कोणं बसवले?”

केसांतलं तणस काढत हे शांतपणे म्हणाले, “म्या.”

“कायले खोटं बोलता?” मी म्हटलं. “चाकंही मीच बसवली, ब्रेकही मीच.”

मग लता हसली. इतकी हसली की उरलेलं पाणी माझ्या पायांवरच सांडलं. म्हणजे तेवढं तरी ठरल्याप्रमाणे झालं.

मटणात मीठ मी टाकलं. जास्त झालं. कोणी काही बोललं नाही. लताने तर मागून वाढून घेतलं.

या वर्षी मंडईला आम्ही एसटीनेच गेलो. तरी माहेरच्या दारासमोर रस्त्याच्या कडेला तणसाचा हा मोठा ढीग घातलेला. मी सुरेशला म्हटलं, अरे, आम्ही तर एसटीनं आलो.

“माहीत हाय,” तो म्हणाला. “पण निघायच्या आधी तू एसटीले पाना लावला का नाही, ते मले कसं समजंल?”