चहाला नाही म्हणताना

माझ्या नवऱ्याला डायलिसिसपेक्षा जास्त त्रास कशाचा झाला असेल, तर चहाला नाही म्हणण्याचा. आठवड्यातून तीनदा पनवेलच्या सेंटरमध्ये हातात जाड सुया टोचून घेताना हा माणूस तोंडातून अवाक्षर काढत नाही. पण कुणी प्रेमानं पुढे केलेला कप परत करावा लागला, की चेहरा असा पाडतो की बघवत नाही. मूत्रपिंडं काम करत नाहीत, प्यायलेलं सगळं अंगातच साठतं, म्हणून दिवसाचं पाणी लिटरभरात भागवायचं. आमच्या कामोठ्याच्या घरात ते जमतं. ह्यांचं गाव उरणच्या बाजूला, आणि तिथं आलेल्या माणसाला कोरड्या तोंडानं उठूच देत नाहीत.

मागच्या गणपतीत तेच नडलं. घरोघरी दर्शन, घरोघरी चहा नाहीतर सरबत, आणि ह्यांना कुणाचंच मन मोडवत नाही. दुसऱ्या दिवशी श्वास लागला, आडवं होता येईना, आणि गावात आरत्या चालू असताना मी अतिदक्षता विभागाबाहेर बसून होते. घरी आल्यावर ह्यांनी जाहीर केलं, "आता गावाला जायाचंच नाय." मला आधी हायसं वाटलं. मग बघत राहिले. कुणाची हळद नाही, कुणाचं बारसं नाही, दिवसभर आपले खिडकीपाशी. आजारानं मूत्रपिंडं नेली होतीच, आता तो ह्यांची माणसंही नेणार, अशी मला भीती वाटायला लागली.

त्याच सुमारास सेंटरमधल्या आहार सांगणाऱ्या मुलीनं ह्यांच्या मोबाईलवर एक ॲप टाकून दिलं. जे प्यायलं ते त्यात घालायचं, की पडद्यावरची बाटली निळी भरत जाते आणि मर्यादा आली की लाल होते. मी कपाळाला हात लावला. घरात एक पहारेकरीण होतीच, त्यात ही दुसरी! पहिलं भांडण पेजेवरून झालं. पेज म्हणजे जेवण, ती पाण्यात कशी धरायची, असं ह्यांचं म्हणणं. मुलीनं मेसेज केला, "काका, पातळ ते सगळं पाणीच." हे दोन दिवस तिच्यावर रुसले आणि तिसऱ्या दिवशी मुकाट्यानं पेज बाटलीत घातली. मिठाचंही तसंच. ज्यांच्या बापजाद्यांनी मिठागरं पिकवली, त्यांना चिमटीनं मीठ मोजायला लावणं म्हणजे चेष्टाच की. पण मीठ उतरलं तशी तहानही उतरली. सेंटरमध्ये पायात पेटके यायचे, तेही कमी झाले. त्या मुलीकडून शाबासकीचा अंगठा आला, की स्वारी दिवसभर खुशीत.

यंदा गणपतीत स्वतःच म्हणाले, "जाऊन येऊ." मी आधी दवाखान्याची फाईल पिशवीत टाकली.

पहिलं घर चुलतभावाचं. बसतोय तोवर चहा आला. ह्यांनी कपाला हात न लावता लांबूनच क्षणभर मोबाईल वर धरला. "मी कुठं नाय बोलतोय? ह्यो नाय बोलतोय. लाल झाला बग." भावानं मोबाईलला दोन शिव्या हासडल्या, सगळे हसले आणि चहा आल्या वाटेनं आत गेला. पुढच्या प्रत्येक घरी तेच. राग सगळा मोबाईलवर निघत होता आणि हे मानानं उठत होते. मला तर त्या यंत्राचे पाय धरावेसे वाटले.

शेवटचं घर मोठ्या नणंदेचं. दर्शन झालं, पाट मांडले, आणि ती लांब भिंतीशी जाऊन बसली. चहा नाही, पाणी नाही, बोलणंही नाही. वर्षभर तिचा फोन नव्हता. रुसली असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. शेवटी ह्यांनाच राहवेना. "बाय, साधं पानी पन नाय विचारलंस?"

तिनं पदर तोंडाला लावला. "मागच्या वर्साला माझ्या हातचं सरबत पिऊन गेलास न् मरता मरता वाचलास. आता कुठल्या तोंडानं विचारू?"

हे उठले आणि तिच्याजवळ जमिनीवर जाऊन बसले. मोबाईल उघडून तिच्यापुढे धरला. मीही वाकून बघितलं. बाटली लाल नव्हतीच. वरती चांगली कपभर जागा मोकळी होती. घरोघरी लाल झाली म्हणून सांगत आलेला हा लबाड माणूस!

"सकालपासून येक कप राखून ठेवलाय," हे म्हणाले. "तुझ्याकडचा चहा पियाचा हाय मला."

नणंद आत गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. बाहेर आली ती एक लहानसा कप घेऊन. पण भावाकडे गेली नाही, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला सून करून आणताना जिनं माझी पारख केली होती, ती बाई कप दोन्ही हातांत धरून मलाच विचारत होती, "पाजू ना गो?"

"पाजा, बाय," एवढंच म्हणता आलं.