पासवर्ड आजीकडे आहे

किस्से मी काही मुद्दाम जमवले नाहीत हो! जबलपूरच्या आमच्या मराठी मंडळात दर रविवारी मुलांना ब्लॉग लिहायला शिकवायला लागले आणि ते आपोआप साठत गेले. आता माहेरी गेलं की बहिणी चहाच्या आधी विचारतात, "हं, नवीन काय?"

हेतू साधा होता. आमच्या पोरांना मराठी समजते, पण बोलताना दुसऱ्याच वाक्याला गाडी हिंदीवर जाते. म्हटलं, मोबाईल नुसता बघत बसण्यापेक्षा स्वतःचं काही लिहितील, फोटो काढतील, नेटवर कसं वागायचं तेही शिकतील. मंडळाचे अध्यक्ष घाटेकाका यांनी वाचनालयाची खोली दिली, पण अट घालून. "वार्षिक सभेत पोरांनी सगळ्यांसमोर पोस्ट टाकून दाखवायची. जमलं तर खोली तुमची, नाही तर कॅरमवाल्यांची!"

कॅरमवाल्यांचे म्होरके म्हणजे आमच्या वर्गातल्या शर्वरीचेच आजोबा, आबा. दर रविवारी दारातून डोकावून विचारायचे, "काय मॅडम, खोली कधी खाली करून राहिल्या?"

*

पहिली पोस्ट शर्वरीची, 'माझी सायकल'. घाटेकाका म्हणाले, "शुभकार्य आहे, असं कसं बटण दाबता?" मग कॉम्प्युटरला हळदकुंकू लागलं, हार चढला. काकांनी उंबऱ्यावर नारळ फोडला आणि त्याच क्षणी लाईट गेली! पोस्ट कुठेच सेव्ह केलेली नव्हती.

शर्वरीचे डोळे भरून आले. "काका, नारियल जरा धीरे फोडते ना!"

पोस्ट तिनं पुन्हा लिहून काढली. तेव्हापासून एक वाक्य लिहून झालं की अख्खा वर्ग ओरडतो, "सेव्ह!"

*

पुढे मुलाखत शिकवली. प्रश्न विचारायचे, जे उत्तर मिळेल तेच लिहायचं, मनाचं काही घालायचं नाही. शर्वरीनं आजीला धरलं. आजी तिला घमापूरहून रिक्षानं घेऊन यायची आणि वर्ग सुटेपर्यंत मागच्या बाकावर बसायची. तिनं गाव सांगितलं, शाळा सांगितली, वांग्याच्या भाजीची कृतीसुद्धा सांगितली. एकाच प्रश्नाला हसून मान फिरवली. जुन्या वळणाची बाई, नवऱ्याचं नाव कधी तोंडानं घेतलेलं नाही. "अहो, ऐकलं का"वर सगळा संसार झालेला. पण हे नातीला कुठे ठाऊक!

ब्लॉगवर आलं : "माझ्या आजीला सगळं माहीत आहे. फक्त आजोबांचं नाव माहीत नाही."

दोनच दिवसांत आबांनी मला भर बाजारात गाठलं. "काहून छापलं हो हे? लोक कॅरम खेळू देईनात! विचारून राहिले, आबा, घरी ओळख झाली का?"

*

ब्लॉगवर आलेल्या कमेंट आधी मंजूर कराव्या लागतात, हे घाटेकाकांना कुणीतरी सांगितलं. मंजुरी म्हटल्यावर काकांना चेव आला. "मंजुरी कार्यकारिणीची!"

पुढच्या बैठकीत चिटणिसांनी उभं राहून वाचलं, "नागपूरच्या मामींची कमेंट : व्वा, छान. सूचक कोण?" सूचक मिळाले, अनुमोदक मिळाले, टाळ्याही झाल्या. "सायकलचा रंग कोणता?" ही कमेंट मात्र अधिक चर्चेसाठी पुढच्या महिन्यावर ढकलण्यात आली.

*

कांचघर मोहल्ल्यातल्या ओजसनं 'आमचा ब्लॉग कसा बनतो' ही पोस्ट लिहिली. इतकी प्रामाणिक, की पहिल्याच ओळीत पासवर्ड! दुसऱ्या दिवशी ब्लॉगवर कुणीतरी पनीर टिक्क्याची रेसिपी टाकून गेलं.

मी डोक्याला हात लावला. ओजस शांतपणे म्हणाला, "दीदी, चोरी गलत आहे, पण रेसिपी अच्छी है."

मग तो पूर्ण रविवार पासवर्डवर गेला. मी म्हटलं, "असा शब्द हवा, जो तुमच्या तोंडून कधीच बाहेर पडणार नाही."

मुलं विचारात पडली. मागच्या बाकावरून आजी म्हणाली, "असा एक आहे माझ्यापाशी."

मुलांनी एकमतानं नवा पासवर्ड आजीवर सोपवला. तिनं एका बोटानं तो टाईप केला, तेव्हा आम्ही सगळ्यांनी भिंतीकडे तोंडं केली. मीसुद्धा. नियम म्हणजे नियम!

*

आणि मग वार्षिक सभा. हॉल भरलेला. घाटेकाकांनी हौसेनं आदल्या दिवशी कॉम्प्युटर साफ करून घेतला होता. त्यात आमचं लॉगिनही साफ! पडद्यावर पासवर्डची रिकामी चौकट. पोरांचे चेहरे बघवत नव्हते. पहिल्या रांगेत आबा खिशात स्ट्रायकर घेऊनच बसलेले.

"आजी!" शर्वरी ओरडली.

आजी पदर सावरत समोर आली, सभेकडे तोंड करून कॉम्प्युटरपुढे बसली. एका बोटानं टाईप केलं. पहिल्यांदा पासवर्ड चुकला.

"चलो, झालं मग?" आबा म्हणाले.

"आजी, मनात बोल आणि टाईप कर," शर्वरी म्हणाली.

आजीनं पुन्हा बोट उचललं. एकेका अक्षराला तिचे ओठ हलत होते आणि मोठ्या पडद्यावर एकेक ठिपका उमटत होता. सगळा हॉल ठिपक्यांकडे बघत होता. आबा तेवढे आजीकडे बघत होते.

ब्लॉग उघडला! मुलांनी पोस्ट टाकली, सगळी एका सुरात ओरडली, "सेव्ह!"

घाटेकाकांना राहवेना. "वहिनी, काय होतं हो ते?"

"सांगायचं नसते," आजी म्हणाली. "दीदीनं शिकवलं आहे."

आबा उभे राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"घाटे," ते म्हणाले, "कॅरम व्हरांड्यात लावा."