बंद थेटरासमोरच्या चपला

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर बंद थेटरासमोरच्या बाकावर बसलो. उन्हाळाभर बसायचो, फुकटचा गारवा म्हणून. जाळीच्या शटरमागं लाल गालिचा धूळ खात पडलेला.

थेटर नवीन होतं तेव्हा सुनेनं तिकिटं काढून दिली होती. हिनं गालिचा बघितला आणि दारातच चपला काढून हातात घेतल्या. लोक हसले. मी लोकांना सामील. "देऊळ आहे का हे, येडे?" असं चारचौघांत ओरडलो. तिनं चपला परत पायात घातल्या.

पुढं माणसं येईनात, शटर पडलं. त्या शेवटच्या दिवशी बाकावर ती म्हणाली, "आता काढू का चपला? हसायला कोण नाही."

"गप बस," मी म्हटलं. दुसऱ्याच दिवशी ती गेली.

एवढ्या माणसांचं हसणं त्या थेटरात झालं, ते कुठं गेलं कोण जाणे. माझं ओरडणं मात्र मला अजून ऐकू येतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेलो. शटरसमोर चपला काढून हातात घेतल्या आणि उभा राहिलो. झाडणारी बाई म्हणाली, "बाबा, देऊळ आहे का हे?"

"नाही," मी म्हटलं. "पण माझ्या काढायच्या राहिल्या होत्या."