साठ हर्ट्झचा पंखा

वागळे इस्टेटच्या कारखान्यांत जन्मभर मोटारींचं वाइंडिंग केलेले गोपीनाथकाका आता घरी एकटेच असतात. अमेरिकेतल्या मुलीनं, ऋतिकानं, तिकडचा टेबलफॅन पाठवला. बापाला आधी विचारायचं तरी! ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज उतरतं, पण फ्रिक्वेन्सी आपली पन्नास हर्ट्झच राहते. तिकडच्या साठवर चालणारी ती मोटार मग जास्त करंट ओढते, पॉवर फॅक्टर घसरतो, बराचसा करंट फुकट फिरतो. वारा कमी, घुरघुर जास्त.

"काका, बंद करा हे भंगार! किती तापतंय," शेजारून डोकावलेला मी वैतागून म्हणालो.

त्यांनी सवयीनं मोटारीच्या पाठीवर तळहात ठेवला.

"ठाऊक आहे. छताच्या पंख्याचं वाइंडिंग मीच केलंय, जरासुद्धा आवाज नाही त्याला. तो लावला की घरात कुणीच नसतं रे."